तांबेरा जगवताना

एम.एस्सी.ला असताना माझ्या खोलीतल्या मैत्रिणीने हरभऱ्याच्या मर रोगाची बुरशी निवडली आणि मी गव्हाचा तांबेरा. तिची बुरशी काचेच्या बशीत, बटाट्याच्या काढ्यावर सुखाने वाढायची. सुट्टी लागली की ती बश्या फ्रिजमध्ये ठेवायची, खोलीला कडी लावायची आणि गावाला जायची. माझ्या बुरशीला हे चालत नव्हतं. तांबेऱ्याला बशीत वाढवण्याचे प्रयोग जगात झाले आहेत, पण रोजच्या कामासाठी त्याला जिवंत गहूच लागतो. मेलेलं पान त्याच्या कामाचं नाही. पेशी जिवंत असेल तोवर तो तिच्यातून अन्न ओढतो. पान वाळलं की त्याचाही जीव संपतो.

म्हणजे पुढची तेहतीस वर्षं मी एका रोगाच्या जेवणाची सोय बघत होते. दर थोड्या दिवसांनी कुंड्यांत नवा गहू पेरायचा. रोपं सात-आठ दिवसांची झाली की ओल्या बोटांनी पानं अलगद चोळून त्यांच्यावरची मेणाची साय काढायची, जुन्या रोपांवरची विटकरी धूळ, म्हणजे बुरशीचे बीजाणू, चपट्या सुईच्या टोकावर घेऊन त्यांना लावायची, पाण्याचा फवारा मारून दमट पेटीत झाकायची. पंधरवड्यात त्या पानांवर फोड आले की पुन्हा पेरणी. हे चक्र एकदा जरी चुकलं तर तो नमुना गेला. माझं लग्न झालं त्याच्या दुसऱ्या आठवड्यात मी काचघरात होते. दिवाळीच्या पहाटेही असायचे. कुंड्या सांभाळणारे आमचे मामा उटण्याचा वास घेऊनच कामावर यायचे आणि म्हणायचे, "बाई, आधी त्याचं आवरू, मग आपला फराळ."

हे काम महाबळेश्वरला चालायचं. पर्यटकांना तिथल्या स्ट्रॉबेरी आणि पॉइंट माहीत असतात. पण तिथे गव्हाच्या गेरव्यावर, म्हणजे तांबेऱ्यावर, संशोधन करणारं केंद्र आहे हे फार थोड्यांना ठाऊक असतं. थंड हवा हे त्याचं कारण. खाली देशावर एप्रिल-मे तापला की तांबेऱ्याचे बीजाणू उन्हाने मरून जातात. वर डोंगरावर तो काचघरात बारा महिने जगवता येतो. पावसाळ्यात मात्र जीव मेटाकुटीला यायचा. चार-चार दिवस धुकं हलायचं नाही, कपाटातल्या चपलांनाही बुरशी यायची, आणि अंधुक उजेडात गव्हाची रोपं पिवळट, लांबुडकी होऊन पडायची. अशा रोपावर तांबेराही नीट येत नाही. रोग धडधाकट यायला पीक धडधाकट लागतं, हे मी पुस्तकात वाचलं होतं. समजलं ते जुलैच्या त्या पावसात.

गावाकडे सगळ्याला तांबेराच म्हणतात, काही भागांत गेरवा. पण गव्हाचे तांबेरे तीन. पिवळा पानाच्या शिरांलगत ओळी आखल्यासारखा येतो आणि त्याला बरीच थंडी लागते, म्हणून तो आपल्याकडे सहसा त्रास देत नाही. नारिंगी पानावर गोल ठिपक्यांनी विखुरतो. आपल्या शेतात जास्त भेटतो तो हाच. तिसरा काळा. तो पानाबरोबर खोडावर येतो, लांबट फोडांनी साल फाडून बाहेर पडतो, आणि फाटलेल्या सालीच्या कडा बोटाला खरखरीत लागतात. सुरुवातीला त्याचा रंग विटेसारखा असतो, पीक पिकायला लागलं की तो काळा पडतो. एका फोडात हजारो बीजाणू, आणि प्रत्येक इतका बारीक की तीस-चाळीस एका ओळीत ठेवले तर मिलिमीटर भरेल. काळ्या तांबेऱ्याने घेरलेल्या शेतात ओंब्या उभ्या दिसतात, पण मळणीला दाणा सुरकुतलेला, पोचट निघतो.

नोकरीच्या पहिल्या वर्षी मी एक रात्र सूक्ष्मदर्शकापाशी काढली. कुणी सांगितलं नव्हतं, मलाच बघायचं होतं. संध्याकाळी पानांना बीजाणू लावले आणि दर तासाला एकेक पानाचा तुकडा कापून, रंगवून काचपट्टीवर घेतला. पहिले दोन तास काही विशेष दिसलं नाही. मग दवाच्या थेंबात एका बीजाणूतून बारीक नळी फुटलेली दिसली. ती पानावर आडवी सरकत होती. गव्हाच्या पानावर लांबीच्या दिशेने बारीक उंचवटे असतात. नळी त्यांना आडवी छेदत जाते, जणू चाचपडत. चाचपडत चाचपडत ती पर्णरंध्रापाशी पोहोचली आणि तिथे तिचं टोक फुगलं. पान ज्या भोकातून श्वास घेतं, नेमक्या त्याच भोकावर ती बसली होती. तिला डोळे नाहीत, मेंदू नाही. तिला नुसता स्पर्श कळतो, आणि त्या स्पर्शावर तिने दार शोधलं होतं. सकाळी मामा चहा घेऊन आले तेव्हा मी त्यांना ते दाखवलं. त्यांनी बराच वेळ डोळा लावला आणि म्हणाले, "चोराला घर माहीत असल्यागत गेलंय की हो." माझ्या प्रबंधात त्या घटनेचं वर्णन दीड पान आहे. मामांच्या वाक्याइतकं नेमकं त्यात काही नाही.

पण खाली मैदानात उन्हाळ्यात तो मरतो, तर दर हिवाळ्यात येतो कुठून? युरोपात 1865 साली अँटोन द बारी यांनी दाखवून दिलं होतं की काळ्या तांबेऱ्याचं अर्धं आयुष्य बार्बेरी नावाच्या झुडपावर जातं. अमेरिकेत 1918 पासून ती झुडपं खणून काढण्याची मोठी मोहीम चालली. हिमालयातही बार्बेरी आहे, तेव्हा आपल्याकडेही गुन्हेगार तीच असणार असं धरून चालणं सोपं होतं. आग्रा कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या करमचंद मेहतांनी ते धरून चालायला नकार दिला. वर्षानुवर्षं ते डोंगर-मैदानं पालथी घालत राहिले आणि त्यांनी दाखवलं की भारतात बार्बेरीचा याच्याशी संबंध नाही. तांबेरा उन्हाळा काढतो तो डोंगरांवरच्या गव्हावर, उत्तरेला हिमालयात आणि दक्षिणेला निलगिरी-पळणीच्या टेकड्यांत. तिथून दर वर्षी तो वाऱ्यावर खाली येतो. 1940 साली त्यांचा मोठा ग्रंथ आला. 1946-47 च्या हंगामात मध्य भारतातला गहू काळ्या तांबेऱ्याने उद्ध्वस्त झाला, आणि मेहता जे सांगत होते त्याची किंमत सगळ्यांना कळली. 1950 मध्ये ते गेले.

त्यांच्या कामाचा पुढचा धागा एस. नागराजन आणि एल. एम. जोशी यांनी हातात घेतला. निलगिरीतून निघालेली धूळ शेकडो किलोमीटरवरच्या मध्य भारतात पोहोचते कशी? त्यांनी हवामानाचे नकाशे आणि पावसाचं पाणी एकत्र वाचलं. हो, पावसाचं पाणी. ठिकठिकाणी पाऊस गोळा करायचा, तो गाळायचा, आणि गाळात तांबेऱ्याचे बीजाणू मोजायचे. नोव्हेंबरच्या सुमाराला दक्षिणेत चक्रीवादळ उठलं आणि त्याची वाट योग्य असली, की निलगिरीवरचे बीजाणू वर उचलले जातात, वाऱ्याबरोबर उत्तरेला सरकतात आणि पावसाबरोबर गव्हाच्या शेतात उतरतात. हे वाचल्यापासून नोव्हेंबरात रेडिओवर चक्रीवादळाची बातमी लागली की घरातल्यांना मच्छीमारांची काळजी वाटायची, आणि मला त्यांच्याबरोबर निफाडच्या गव्हाचीही.

मला खरं वेड लावलं ते वेगळ्या गोष्टीने. काळ्या तांबेऱ्याची बुरशी एकच, पण तिचे वंश वेगवेगळे. एक वंश या गव्हाला खातो, दुसरा त्याला शिवतही नाही. शेतातून आलेला तांबेरा कोणत्या वंशाचा हे ओळखायचं तर तो ठरावीक गव्हांच्या संचावर लावायचा आणि कोणावर किती फोड येतात ते लिहायचं. अमेरिकेतल्या मिनेसोटात स्टेकमन आणि लिव्हाइन यांनी 1922 मध्ये यासाठी बारा गहू निवडले. मार्किस, रिलायन्स, कोटा, कुबांका, आइनकॉर्न, व्हर्नल… मी ती यादी पहिल्यांदा वाचली तेव्हा कॉलेजच्या ग्रंथालयात बसले होते. शेवटचं नाव वाचलं आणि मला वाटलं माझीच काही वाचण्यात चूक होतेय. तिथे लिहिलं होतं: खपली.

खपली म्हणजे आमच्या घरातला गहू. कृष्णाकाठच्या सातारा-सांगली भागात तो पिढ्यान् पिढ्या होतो. दाणा सालीतून सहज सुटत नाही, म्हणून आजी त्याला किंचित पाणी लावून उखळात कांडायची, मग सुपाने पाखडायची. गावजेवणाला त्याची खीर व्हायची, गूळ, खसखस आणि ओल्या नारळाची, रात्रभर चुलीवर रटरटत. मुसळाचा आवाज माझ्या लहानपणाच्या पहाटेत आहे. आणि तोच गहू मिनेसोटातल्या काचघरात, जगातले तांबेऱ्याचे वंश ओळखायला उभा होता. मी सुट्टीत घरी जाऊन आजीला सांगितलं. तिने विचारलं, "तिकडं खीर करत्यात का?" मी म्हटलं, "नाही गं, रोग लावून बघतात." तिला ते आवडलं नाही. थोड्या वेळाने म्हणाली, "लागत नसंल त्याला."

खरंच लागत नव्हता. फोडांना आम्ही 0 ते 4 असे आकडे देतो. 4 म्हणजे मोठा, भरघोस फोड. गहू पूर्ण शरण. आणि ज्या पानावर नुसता टाचणीच्या टोकाएवढा फिकट ठिपका येतो, फोड येतच नाही, त्याच्यासमोर लिहायची खूण आहे अर्धविराम (;). माझ्या वह्यांमध्ये खपलीच्या रकान्यात पानोपान अर्धविराम आहेत, मध्येच कुठे 1. तो ठिपका म्हणजे काय, हे विद्यार्थ्यांना शिकवताना माझा आवाज अजूनही बदलतो. बुरशी आत शिरली हे ओळखताच गव्हाची ती पेशी स्वतःहून मरते. शेजारच्या दोन-चार पेशीही मरतात. तांबेऱ्याला जिवंत पेशीच लागते. सभोवती मेलेल्या पेशींचं कुंपण पडलं की तो तिथेच उपाशी मरतो. अर्धविराम म्हणजे त्या पेशींची जागा.

पण बुरशीला ओळखायचं कसं, हे पेशीला कुठून कळतं? याचं उत्तर जवसाने दिलं. आमच्याकडे गव्हात जवसाचे तास टाकायची पद्धत होती आणि जवसावर तांबेरा लवकर दिसतो, म्हणून जुने शेतकरी ठामपणे सांगायचे की जवसाचा तांबेरा गव्हाला लागतो. मी त्यांना सांगून थकले की त्या दोन वेगळ्या बुरश्या आहेत, एकीची दुसरीला बाधा नाही. पण एका अर्थाने जवसाचा गव्हाशी संबंध निघालाच. अमेरिकेत नॉर्थ डाकोटात हॅरल्ड फ्लोर 1940 च्या दशकात जवस आणि त्याच्या तांबेऱ्याचे संकर करत बसले होते. त्यांनी दाखवलं की पिकातल्या प्रत्येक प्रतिकारक जनुकाच्या समोर बुरशीत एक जोडीचं जनुक असतं. जोडी जुळली तर पीक बुरशीला ओळखतं आणि रोखतं. बुरशीने आपलं जनुक बदललं की ओळख बुजते, आणि मग तेच पीक तिच्यापुढे उघडं पडतं.

या एका वाक्यात माझ्या नोकरीचं सगळं दुःख आहे. चांगली, तांबेऱ्याला दाद न देणारी जात शेतात गेली, लोकांना आवडली, मैलोन् मैल पेरली गेली, की तिच्यावर चालणारा एखादा वंश निघतोच. कल्याणसोना हा गहू साठच्या दशकाच्या शेवटी देशभर पसरला होता आणि सत्तरच्या दशकात तांबेऱ्याने त्याला खाली आणलं. हे मी शिकवायचे, परीक्षेत विचारायचे. तरी जेव्हा ते माझ्या वाट्याला आलं तेव्हा मी तयार नव्हते.

त्या जातीचं नाव इथे नको. मी तिची शिफारस करत गावोगाव फिरले होते. एका गावच्या वयस्कर शेतकऱ्याने माझ्या सांगण्यावरून ती लावली, आणि त्याचं बघून शेजारच्या सहा जणांनी. तिसऱ्या वर्षी जानेवारीत त्याने मला पाकीट पाठवलं. आम्हाला अशी पाकिटं राज्यभरातून यायची; कृषी सहायक, शिक्षक, शेतकरी पाठवायचे. रोगट पान सावलीत वाळवायचं, कागदातच घालायचं, प्लास्टिकमध्ये कधीच नाही, कारण प्लास्टिकमध्ये घाम येतो आणि नमुना सडतो. वर गाव, तालुका, गव्हाची जात, पहिल्यांदा दिसल्याची तारीख. त्याने सगळं नीट लिहिलं होतं. ते पाकीट माझ्या टेबलावर बारा दिवस न उघडता पडलं. वार्षिक बैठकीचा अहवाल करायचा होता, आणि "आपल्या या जातीवर काय येणार" असं मनात कुठेतरी होतं. दुसरं कारण पहिल्यापेक्षा मोठं होतं, हे मी आज लिहू शकते.

तेराव्या दिवशी पाकीट फाडलं तर पानातून नारिंगी पूड टेबलावर सांडली. दुसऱ्या दिवशी पहाटे मी एसटीत बसले. शेतात शिरले आणि शंभर पावलं चालून बाहेर आले तोवर माझी पांढरी ओढणी गुडघ्यापर्यंत नारिंगी झाली होती. गहू चिकात होता. पहिला ठिपका दिसताच प्रोपिकोनॅझोल हे बुरशीनाशक फवारलं असतं तर बरंच पीक हाताशी आलं असतं. आता फवारून पैसे घालवण्यात अर्थ नव्हता. मी त्यांना तसं सांगितलं. ते काहीच बोलले नाहीत. बांधावर बसून त्यांनी तंबाखू मळली. मग घरी नेऊन चहा दिला, आणि मी निघताना एवढंच म्हणाले, "बाई, पाकीट पोचलं न्हवतं का?"

मी खोटं बोलू शकले असते. पोस्टाचं नाव घ्यायला काहीच लागलं नसतं. "पोचलं होतं, मी उघडलं नाही," असं म्हटलं. त्यांनी मान हलवली. त्यानंतर निवृत्तीपर्यंत माझ्या टेबलावर आलेलं पाकीट संध्याकाळपर्यंत उघडं झालं नाही असा एकही दिवस गेला नाही. त्यांच्या शेतातला तो तांबेरा मी काचघरात जगवला. त्याचा वंश ओळखून तो पुढच्या सगळ्या नव्या जातींवर लावून पाहिला. त्यातल्या अनेक जाती तिथेच बाद झाल्या. मामा त्या कुंड्यांना त्या गावाच्या नावानेच हाक मारायचे.

नोकरीच्या उत्तरार्धात सगळ्या जगाची झोप उडवणारी बातमी आली. 1998 मध्ये युगांडात काळ्या तांबेऱ्याचा असा वंश सापडला की जो एसआर 31 या जनुकाला जुमानत नव्हता. हे जनुक राई नावाच्या परदेशी तृणधान्यातून गव्हात आणलेलं, आणि जगभरच्या जातींचा भरवसा त्याच्यावर होता. या वंशाला यूजी 99 म्हणू लागले. तो केनिया, इथिओपिया, येमेन करत 2007 मध्ये इराणमध्ये सापडला. आपले गहू केनियातल्या न्जोरो इथे नेऊन त्याच्यासमोर उभे करण्यात आले. आपल्याकडे तो आणून तपासणं म्हणजे घरात साप सोडण्यासारखं झालं असतं. त्या काळात मी रोज संशोधनपत्रं चाळायचे, आणि त्यातच पुन्हा ते नाव भेटलं. सिडनीत वॉटरहाउस यांनी फार पूर्वी खपलीचा स्टाइनवेडेल नावाच्या ऑस्ट्रेलियन गव्हाशी संकर करून खपस्टाइन तयार केला होता. खपलीकडून त्यात आलेलं एसआर 13 हे जनुक यूजी 99 ला रोखत होतं.

आजी तेव्हा नव्हती. मी घरी फोन केला आणि भावाला विचारलं, आपल्याकडे खपली अजून आहे का रे? तो म्हणाला, खायला विकत आणतो, लावत नाही, कांडायला कोण बसणार. पुढच्या हंगामात मी त्याला बी नेऊन दिलं. आता दोन वाफे दर वर्षी असतात. बाकी रानात तो नव्या जाती लावतो, आणि मला ते मान्य आहे. दोन वाफ्यांच्या खपलीवर घर चालत नाही.

निवृत्त होऊन काही वर्षं झाली. यंदा संक्रांतीला भावाकडे गेले होते. सकाळी एकटीच रानात गेले. खपलीची पानं दोन्ही बाजूंनी बघितली, स्वच्छ होती. पलीकडच्या नव्या जातीच्या गव्हात, पाटाच्या कडेला, खालच्या एका पानावर नारिंगी ठिपका होता. एकच. बोट फिरवलं, बोटाला रंग आला. आजूबाजूची ताटं वाकून वाकून पाहिली, तर आणखी दोन पानं मिळाली.

घरी येऊन भावाला आधी फवारणीचं सांगितलं, मग भाच्याकडे पाकीट मागितलं. घरात साधं पाकीट नव्हतं. आहेराचं निघालं, रुपया चिकटवलेलं, वर सोनेरी गणपती. रुपया सोडवून भाच्याच्या हातात दिला. पानं दिवसभर माजघरात वर्तमानपत्रावर सावलीत वाळवली. संध्याकाळी वहीच्या कागदात गुंडाळून पाकिटात घातली आणि गणपतीच्या खालच्या कोऱ्या जागेत लिहिलं: गाव, तालुका, जात, तारीख. भाचा म्हणाला, "आत्या, उद्या पोस्टात टाकून येतो." मी म्हटलं, "नको. वाईहून सकाळची पहिली एसटी आहे वर जाणारी. मीच नेते."